उंदरांपुरतं औषध

सांगली, १७ मे २०२१

दादा,

तू फोन आपटलास. नंतर मी पुन्हा पुन्हा लावला, तू उचलत नाहीस. म्हणून दवाखान्याच्या जिन्यात बसून हे मोबाइलवर लिहितेय. बोलताना आपण दोघंही ओरडतो. लिहिताना तरी आवाज चढणार नाही.

आधी आईचं. कोरोना गेला, पण त्यात दिलेल्या स्टेरॉइडनी तिची शुगर भलतीच चढली आणि त्यावर ही बुरशी आली. पेपरात रोज येतेय ती हीच. डावा गाल सुजलाय, टाळूवर काळा डाग आहे, डाव्या डोळ्याची पापणी उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, ही नाकातून शिरते, तिथून डोळ्याकडे आणि मग मेंदूकडे सरकते. सडलेलं काढून टाकायचं आणि इंजेक्शन चालू ठेवायचं, दुसरा मार्ग नाही. आणि इंजेक्शन कुठेच मिळत नाही. जिल्ह्याला थोड्या कुप्या येतात, त्या वाटून संपतात.

आता तू जे मागितलंस त्याबद्दल. "तुज्या लॅबमधी त्येच औषध हाय न्हवं? मग आण की. पाज आईला."

हो, दादा. तेच औषध आहे. त्याच्यावरच तर माझी पीएच.डी. चाललीय. हे औषध तोंडावाटे दिलं तर उपयोग नसतो. ते पाण्यात विरघळत नाही, आतडं ते घेत नाही, जसं जातं तसं बाहेर पडतं. म्हणून ते शिरेतूनच द्यावं लागतं, आठवडेच्या आठवडे. तू सोन्यातली भेसळ तेजाबात विरघळवून काढतोस. आमचं औषध त्याहून हट्टी. आम्ही काय करतो, तर चरबी वितळवून तिच्या अगदी बारीक, नजरेला न दिसणाऱ्या कणांत ते गुंडाळतो. आतड्याला वाटतं तूपच आलंय, आणि तुपाच्या वाटेनं ते आत घेतलं जातं. जमलं तर एखाद्या वाडीतला माणूस घरी बसून कॅप्सूल गिळेल.

पण हे आजवर उंदरांनाच दिलंय. माणसाला किती द्यायचं, मला माहीत नाही. कमी पडलं तर उपचार चाललाय असं समजून आपण बसू आणि बुरशी पुढे जाईल. जास्त झालं तर मूत्रपिंडं जातील, हे औषध मुळातच मूत्रपिंडांना जड आहे. तू म्हणालास, मरणाऱ्या माणसाला कसला आलाय धोका. दादा, आई मरणारी आहे असं इथे कुणीही म्हटलेलं नाही.

तरीही मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हातातला केसपेपर मिटला. म्हणाले, "तुम्ही मला हे विचारलंच नाही, असं मी समजतो."

सुमंत सर, माझे गाईड, ओळखीच्या सगळ्या औषधवाल्यांना फोन करतायत. इंजेक्शन मिळेल. तिकडे मदुराईत लॉकडाउनमध्ये दुकान बंद करून बसलायस, गाडी नाही, पास नाही, तुझा जीव कसा होत असेल ते मला कळतं. माझ्यावर ओरड, पण फोन उचल. आई विचारते, राजूचा फोन आला का. मी हो म्हणते.

अंकिता


सांगली, २६ मे २०२१

दादा,

आईचा डावा डोळा काल काढला.

हे असं लिहिण्यावाचून दुसरं कसं लिहायचं, ते मला सुचलं नाही. ऑपरेशन नीट झालं. ती शुद्धीवर आहे, पाणी मागितलं, आणि म्हशीला कोण बघतंय ते विचारलं.

इंजेक्शनं मिळाली, पण उशिरा, आणि त्यातली बरीचशी जुन्या पद्धतीची, साधी. ती चढवली की तिला थंडी वाजून अख्खा पलंग हलायचा. मी दोन्ही पाय धरून बसायचे. मूत्रपिंडांचे रिपोर्ट बिघडले की थांबवायचे, सुधारले की परत चालू. चांगलं इंजेक्शन शोधायला आपल्या शेजारचा बिरदेव सरांना घेऊन कोल्हापूर, सोलापूर फिरला. जे मिळालं ते घेऊन आला, आणि मला दाराशी देताना म्हणाला, "ताई, आजून थोडं आसंल, पर आज न्हाई." मीही मध्ये एकदा पास काढून कराडला जाऊन आले. लॅबमध्ये जरा काम होतं.

तोवर बुरशी डोळ्याच्या खोबणीत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, डोळा ठेवला तर ती मेंदूत जाईल. सहीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी आईकडे गेले. मला वाटलं होतं मी नीट सांगेन, पण नुसती कागदाची घडी घालत बसले. तीच म्हणाली, "डोळ्याचं हाय का?"

"हो."

"येक ऱ्हातोय न्हवं?"

"हो."

"मग काडा म्हणावं. येका डोळ्यानं बी तुमी दोगं दिसालच की."

सही मी केली. तुला विचारायला फोन लावला होता. लागला नाही.

अंकिता


विटा, ७ नोव्हेंबर २०२१

दादा,

जूनमध्ये तुझा मेसेज आला, "आईचा डोळा तू घालवलास. यापुढे मला लिहू नको." त्यानंतर तुझा नंबर लागत नाही. म्हणून हे टपालाने, दुकानाच्या पत्त्यावर. वाचायचं की नाही ते तुझ्या हातात. लिहायचं की नाही ते माझ्या हातात आहे, तेवढं राहू दे.

तू दिवाळीला आलास आणि पाडव्याच्या संध्याकाळीच निघालास. तू येणार म्हणून मी दोन दिवस कराडला जाऊन राहिले होते, भाऊबीजेला सकाळी घरी परतले. प्रियावहिनी मागे थांबली होती. म्हणाली, "त्यांना दुकानाचं काम निघालं." मग तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं असावं, ती आत जाऊन उगाच भांडी विसळायला लागली. आईने पाट मांडून ठेवला होता, तो कुणी उचललाही नाही.

तू दोनच दिवस होतास, म्हणून काही गोष्टी तुझ्या लक्षात आल्या नसतील. आईला आता खोलीचा अंदाज येत नाही. चहा कपाच्या शेजारी ओतते. म्हणून ती आता किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मग ओतते. उंबऱ्याशी आल्यावर पाय हळूच पुढे करून चाचपते. डोळ्यावर पट्टी आहे, त्यावर पदर. बाजारला जात नाही. बायका बघायला येतात आणि "गं बाई" म्हणतात, ते तिला आवडत नाही. एकीला तर म्हणाली, "आत्ता बघितलंस न्हवं? मग बस आन् च्या पी."

घरी आल्यावर तिला तोंडावाटे घ्यायचं दुसरं औषध दिलं होतं. ते तुपाच्या जेवणाबरोबरच घ्यायचं, नाहीतर अंगी लागत नाही. ती इतकी खूश! सारा गाव साखर-तूप बंद कर म्हणत असताना डॉक्टरच तूप खा म्हणतायत. कागद दाखवत सगळ्यांना सांगायची. आता ते औषधही बंद झालंय. बुरशी नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या आई बचावल्या.

मी हल्ली घरीच असते. सुट्टी घेतलीय. आईजवळ कुणीतरी हवंच. सरांचे फोन येतात, काही दिवस मी उचलते, काही दिवस नाही.

तिकडे जपून रहा. तेजाबाच्या वाफेत तोंडाला फडकं बांधत जा, वहिनी सांगत होती तू बांधत नाहीस.

अंकिता


कराड, १९ फेब्रुवारी २०२३

दादा,

मी परत लॅबमध्ये आहे. गेल्या वर्षीच आले, तुला कळवलं नव्हतं.

खरं तर आईने हाकललं. सुट्टी मी आईसाठी घेतली होती असं मी सगळ्यांना सांगत होते, तुलाही तसंच लिहिलं होतं. ती कधीच स्वतःचं स्वतः करू लागली होती. मलाच लॅबचं दार उघडवत नव्हतं. एक दिवस मी तिच्या गोळ्या मोजत बसले होते, तर म्हणाली, "किती दिस माज्या उशाला बसनार हायस? माजा डोळा गेलाय. तुजं हात गेल्यात का?" दुसऱ्या दिवशी बिरदेवला बोलावून माझी बॅग तिनेच त्याच्या गाडीत ठेवली.

आज लिहायचं कारण, परवा ती इथे आली होती. कराडला डोळ्याच्या डॉक्टरांकडे काचेचा डोळा बसवून घ्यायचा होता. तो बसवल्यावर ती बराच वेळ आरशात बघत राहिली, म्हणाली, "ह्यो उगंच रागानं बगतोय." मग म्हणाली, आता तुझी औषधाची खोली दाखव.

सुमंत सरांनी तिला सगळं फिरवून दाखवलं. उंदरांच्या पिंजऱ्यापुढे ती सगळ्यात जास्त थांबली. "ह्यास्नी खायला काय घालता? टोचताना दुकतं का ह्यास्नी?" सर अगदी नेटानं उत्तरं देत होते. आमचं औषध पिवळं असतं. बाटली हातात घेऊन म्हणाली, "ह्ये तर हळदीचं दूद दिसतंय."

आणि मग, बाटली तशीच हातात धरून, तिने विचारलं, "त्या टायमाला ह्यातलं मला दिलं आसतंस, तर डोळा ऱ्हायला आसता का गं?"

सर खिडकीकडे वळले. मी म्हटलं, "माहीत नाही, आई."

"खरंच न्हाई म्हाईत?"

"खरंच. डोळा राहिला असता, नाहीतर तूच राहिली नसतीस. दोन्हीतलं काय झालं असतं, ते मला आजही सांगता येत नाही."

तिने बाटली टेबलावर ठेवली. मग मी तिला एक सांगितलं, ते तुलाही सांगते. मी तेव्हा कराडला गेले होते ना, "लॅबमध्ये जरा काम होतं" असं तुला लिहिलं होतं, तेव्हा मी फ्रीज उघडून अशीच एक बाटली पर्समध्ये घातली होती. कॉलेजच्या फाटकापर्यंत आले. बिरदेवची गाडी समोर उभी होती. तिथे उभं राहून हिशोब करायला लागले, आईचं वजन किती, उंदराचं किती, त्या हिशोबाने किती चमचे. आणि माझ्या लक्षात आलं की मी अंदाज करतेय. नुसता अंदाज. आईवर. परत जाऊन बाटली जागेवर ठेवली.

आईने सगळं ऐकलं. म्हणाली, "बरं केलंस. मी मेली आसती तर तू परत ह्या खोलीत पाय ठिवला नसतास. आन् राजूला तुज्यावर रागवायला दुसरं कारन गावलं आसतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. सर चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

अंकिता


कराड, २ जून २०२५

दादा,

आई तुझ्याकडे आहे हे वहिनीने कळवलं. तिथल्या उकाड्यात तिला जपा. ती इडली खाते म्हणे, आवडीने. मला इथे कधी खाऊ दिली नाही, म्हणायची, आंबलेलं कशाला खायचं.

परवानगी आली. आमचं औषध आता माणसांना देणार आहेत. बुरशी झालेल्यांना इतक्यात नाही. आधी धडधाकट माणसांना, थोडं थोडं, आणि मग रक्त तपासून बघायचं की किती आत गेलं, मूत्रपिंडं कशी आहेत. पुण्याजवळच्या एका केंद्रात होणार आहे. कोणी यायचं ते आपल्या मनाने यायचं.

तुला आणखी एक कळवायचं आहे आणि ते लिहायचं की नाही याचा मी महिनाभर विचार केला. मागच्या वर्षी आम्हाला कळलं की आमचं पहिलं मिश्रण माणसाच्या पोटात टिकलं नसतं. उंदराचं पोट माणसाइतकं आंबट नसतं. माणसाच्या पोटातल्या आम्लात ते चरबीचे कण फुटून औषध तिथेच सांडत होतं. म्हणजे आईला दिलं असतं तर बहुधा काहीच झालं नसतं. ना बरं, ना वाईट. औषध चाललंय म्हणून आपण निवांत बसलो असतो आणि तिकडे बुरशी चालत राहिली असती. आता कणांवर वेगळा थर दिलाय, कॅप्सूल आतड्यात जाऊनच उघडते.

मी जिंकले असं सांगायला हे लिहीत नाही. त्या दिवशी फाटकावर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर सोपं होतं. मला एवढंच माहीत होतं की मला माहीत नाही.

आता मला भीती वाटते, दादा. इतकी वर्षं हे औषध कुणी गिळलेलं नाही. आता कुठल्या तरी आईचा मुलगा, कुठल्या तरी पोरीचा बाप ते गिळणार, आणि त्यावर माझं नाव असणार. सर म्हणतात भीती वाटतेय ते चांगलं आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "देव हाय." आपल्या घरात मला खडसावून प्रश्न विचारणारा तू एकटाच होतास. त्या प्रश्नांची आत्ता गरज होती.

आईला सांग, मी नीट जेवते.

अंकिता


कोरेगाव, १० ऑगस्ट २०२५

अंके,

ह्ये टपालानं धाडलं तर मी आदी पोचायचो, म्हणून फोनवर लिवतोय. तुजा नंबर परत चालू केलाय. लिवायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घे.

तुजी समदी पत्रं वाचल्यात. जिन्यात बसून लिवलेलं तर त्याच दिशी वाचलं हुतं. नंतरची दुकानात यायची, मी गल्ल्याखाली टाकायचो, प्रियाला वाटायचं मी फोडतच न्हाई. दुकानातली समदी मानसं गेली की वाचायचो.

आई मदुराईला आली तवा पयल्या दिशी तिनं मला च्या करून दिला. तू लिवलं हुतंस तसं किटलीचं तोंड कपाला टेकवून. मी म्हणालो, "आई, ऱ्हाऊ दे, मी वततो." तर म्हणाली, "तुला काय वाटतं, मला येत न्हाई?" तुज्याबद्दल मला ती येक शब्द बोलली न्हाई. रोज तुला फोन करायची, माज्यासमोर बसून, मोट्या आवाजात. मी उटून जायचो. येक दिस मी उटलोच न्हाई.

तुजं जूनचं पत्र वाचलं आन् मी त्या पुण्याच्या केंद्रात फोन केला. माजं वय बसत हुतं. प्रियाला म्हणालो कोरेगावला तुज्या माहेरी जाऊन येऊ, आन् तिला हितं सोडून मी म्होरं गेलो. काल गेल्तो तितं. वजन केलं, रक्तदाब बगितला. मग येका डॉक्टरीणबाईनं समोर बसवून मराटीत समदं वाचून दाकवलं. लय येळ वाचत हुत्या. काय काय हुईल. उलटी, ताप, आजून काय काय. मी इचारलं, "मूत्रपिंडं जातील का?"

बाई म्हणाल्या, "जनावरांत त्रास झाला नाही. माणसांत होईल का, ते आम्हाला अजून माहीत नाही. म्हणूनच तुम्हाला आधी विचारतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी कोणी काही म्हणणार नाही."

अंके, मी धडधाकट मानूस. तेजाबाच्या घमेल्यापाशी वीस वरसं काडली. तरी मी कागद परत पयल्या पानापासनं बगाय लागलो. मनात आलं, मला ही बाई तासभर बसवून इचारतीया, न्हाई म्हणा म्हणतीया. आन् मी मदुराईतनं फोनवर तुला सांगत हुतो, आण आन् पाज. आईला तर मी इचारलं बी न्हवतं.

मग म्हणालो, करतो सही. बाईंनी पान उलटलं आन् येक शेवटचं इचारलं. "या औषधाच्या कामात तुमच्या घरचं कोणी आहे का?"

भाईर बसलेला येक गडी मला म्हणाला हुता, जे इचारतील त्याला न्हाई म्हणायचं, म्हंजी आत घेत्यात. न्हाई म्हणायला मला जड न्हवतं. मदुराईत कोन भावा-भैनीचं इचारलं तर मी येकटाच हाय म्हणून सांगायचो. चार वरसं त्येच सांगत आलो.

मी म्हणालो, "हाय. माजी धाकटी भैन. तिनंच केलंय ह्ये औषध."

बाईंनी पेन खाली ठिवला. म्हणाल्या, "मग तुम्हाला घेता येणार नाही, दादा. नियम आहे." मी म्हणालो, बरं. त्या हसल्या. दारापत्तूर आल्या आन् म्हणाल्या, "त्यांना सांगा, पहिल्या तुकडीचे सगळे ठणठणीत आहेत." तुला ठावं असंलच, पर सांगितलं म्हणून सांगतोय.

भाईर येऊन गाडीत बसलो. लय येळ चावीच फिरवली न्हाई.

उद्या सकाळी हितनं निघतोय. प्रिया बी येतीया. कराडला कॉलेजच्या फाटकापाशी थांबतो. तू कामात असशील तर तुजं काम हुंदे. मी हाय तितंच.

दादा